वडिलांच्या जखमेनं सुचवलेलं करिअर

घाटंजी तालुक्यातून एका मुलीचं पत्र आलंय. बारावी सायन्स झालं, वडिलांना शुगर आहे, तळपायाची जखम सात महिने झाले भरत नाही. एकदा पीएचसीतल्या सिस्टरनं पारदर्शक प्लास्टिक जखमेवर ठेवून पेननं कड काढून घेतली, लांबी-रुंदी मोजून कार्डावर लिहिली, तेव्हापासून हिला हेच शिकायचंय. आई म्हणते, "लोकाचा पू धुवाले शिकवलं का तुले इतकं?" मुलगी विचारते, यात करिअर होते का?

बेटा, होते. आणि ते कार्ड तुझ्या डोक्यात राहिलं हे वाचून मला लय बरं वाटलं. माझ्या मोठ्या काकांचं पाच महिने एका दवाखान्यात रोज ड्रेसिंग झालं, पट्टी स्वच्छ, माणसं प्रेमळ, पण पायाची नाडी कोणी चाचपली नाही, तळव्याला स्पर्श कळते का पाहिलं नाही, चप्पल कोणती घालता हेही विचारलं नाही. आधी अंगठा गेला, मग गुडघ्याखालचा पाय.

म्हणून या कामात पट्टीच्या आधी विचार येतो, तोही ठरलेल्या क्रमानं. आपल्याच भागातले तीन पाय घे. शुगरवाल्याच्या किंवा जुन्या कुष्ठरुग्णाच्या तळव्याला दुखणं कळत नाही, तो त्याच जागेवर चालत राहते, तिथं कितीही भारी मलम लावा, दाब काढल्याशिवाय जखम भरणार नाही. गडचिरोली-चंद्रपूरकडं सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, त्याच्या काही पेशंटना घोट्याजवळ जखमा होऊ शकतात, भरल्या तरी पुन्हा फुटतात. आणि व्हेरिकोज व्हेन्सवाल्याचा, म्हणजे पायाच्या शिरा फुगलेल्या माणसाचा, पाय सुजते, त्याला घट्ट पट्टीचा दाब हवा असते. पण हाच दाब रक्त कमी पोचणाऱ्या पायावर दिला तर पाय हातचा जाऊ शकते! म्हणून आधी घोट्याचं बीपी भागिले दंडाचं बीपी काढतात, 0.9 च्या खाली आलं की धमनी अरुंद झाल्याचा संशय घ्यायचा. शुगरवाल्यांत मात्र धमन्या कडक झाल्या की आकडा 1.4 च्याही वर दाखवते, तेव्हा त्यावर भरवसा ठेवून चालत नाही, दुसरी तपासणी लागते. बघ, एका आकड्यामागं किती डोकं लागते.

त्यानंतर खुद्द जखम. यासाठी टाइम हा शब्द लक्षात ठेवतात, टिश्यू, इन्फेक्शन, मॉइश्चर आणि एज, म्हणजे मेलेलं मांस आहे का, जंतू वाढले का, ओल जास्त की कमी, कड पुढं सरकते का. दर भेटीला हेच चार प्रश्न अन् हातात मोजपट्टी. मधुमेही पायाची जखम 4x3 म्हणजे 12 चौरस सेंटीमीटर असेल तर चार आठवड्यांत 6 च्या आसपास यायला पाहिजे. नाही आली तर तेच ड्रेसिंग रेटत बसायचं नाही, काय चुकतंय ते पुन्हा पहिल्यापासून शोधायचं किंवा वर पाठवायचं. "थोडी बरी दिसते" यावर काकांचे पाच महिने गेले.

आता रस्ता. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं आहे, सीईटी द्यावी लागते. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा तीन वर्षांचा, त्यानंतर पोस्ट बेसिक बीएस्सी करता येते. जखमेचं खास शिक्षण त्याच्या पुढं, सर्जरीच्या वॉर्डात काम करता करता. हाताचं काम जास्त आवडत असेल तर कृत्रिम पाय आणि खास पादत्राणं बनवायचं शिक्षणही आहे, या क्षेत्रात त्या माणसाची फार गरज असते. कॉलेज निवडताना इमारत पाहू नको, त्याला जोडलेल्या हॉस्पिटलात पेशंट किती येतात ते विचार. सेवाग्रामचं कस्तुरबा नर्सिंग कॉलेज एकदा जाऊन बघ. वरोऱ्याचं आनंदवनही बघ, बाबा आमट्यांनी कुष्ठरुग्णांसाठी उभं केलेलं.

आईला माझा नमस्कार सांग. पू धुणाऱ्या त्या सिस्टरनंच तुमच्या घरात पहिल्यांदा जखम मोजली, हेही सांग.

आणि अ‍ॅडमिशनला वेळ आहे, वडिलांच्या पायाला नाही. याच आठवड्यात त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी मेडिकल कॉलेजला ने, ते कार्ड सोबत घे, पायाचं रक्त अन् संवेदना तपासून मागा, हाडाचा एक्सरे लागते का विचारा. निघायच्या आधी त्यांच्या चपलेत हात घालून तळ चाचपून बघ, खिळा, खडा, दुमडलेलं रबर, काहीही असू शकते. काय सापडलं ते मला कळव.