झुरिचला येतेयस तर आधी जर्मनच, फ्रेंच नंतर

अगं, तू विचारलंयस की नवऱ्याला झुरिचमधे नोकरी लागलीये, मुलगी चार वर्षांची आहे, स्वित्झर्लंडच्या भाषा चार आहेत म्हणे, तर जर्मन-फ्रेंच दोन्ही क्लास एकदम लावू का इंग्रजीवर भागेल. मी पण बडोद्याच्या दांडिया बाजारातलीच, इथे नऊ वर्षं झाली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नवऱ्याचं ऑफिसात इंग्रजीवर भागेल, तुझं नाही भागणार. बालवाडीची पत्रं, डॉक्टरची अपॉइंटमेंट, बिल्डिंगमधल्या कपडे धुण्याच्या खोलीचं टाइमटेबल, सगळं जर्मनमधे. चार भाषा देशाच्या आहेत, एका गावाच्या नाहीत. जिनिव्हात फ्रेंच, टिचिनोत इटालियन, रोमान्श ग्राउब्युन्डनमधे, झुरिचमधे जर्मन. फ्रेंच आत्ता ठेव बाजूला.

परमिटचं पण त्यावरच आहे. नवऱ्याच्या बी परमिटवर (राहण्याचा सुरुवातीचा परवाना) येताना ए१ तोंडी (भाषेच्या पातळ्या ए१, ए२, बी१ अशा चढत जातात) किंवा कोर्सची नोंदणी दाखवावी लागते. सी परमिट, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, आपल्याला साधारण दहा वर्षांनी, ए२ तोंडी आणि ए१ लेखी लागतं, पण तोंडी बी१ असेल तर पाच वर्षांनी अर्ज करता येतो, म्हणून बी१ धरूनच चाल.

आता खरी अडचण ऐक. लिहितात ती पुस्तकी जर्मन आणि बोलतात ती स्विस जर्मन, दोन्हीत बराच फरक. सायकल पुस्तकात फारराट, इथे वेलो. २०११ मधे झुरिच कॅन्टनने (म्हणजे राज्याने) मतदान घेऊन बालवाडीत स्विस जर्मन बोलीच मुख्य ठेवली, त्यामुळे तुझी लेक सहा-आठ महिन्यांत बोली बोलायला लागेल आणि तू बघत राहशील. माझी ए२ पास झाली होती तरी पहिल्या पालक सभेत मला एक वाक्य कळलं नाही, घरी येऊन रडले. नंतर कळलं की नुसतं "होखडॉइच, बिटे" (पुस्तकी जर्मन, प्लीज) म्हटलं तरी लोक पुस्तकी जर्मनवर येतात. लाजू नकोस, आणि त्यांनी इंग्रजी सुरू केली तरी तू जर्मन सोडू नकोस, मी पहिलं वर्ष तसंच इंग्रजीत वाया घालवलं. बोली आत्ता शिकू नकोस, पण रेडिओ लावून ऐकत राहा.

मराठीचा फायदा मात्र खूप होतो. सहा-आणि-पन्नास असं म्हणतात, म्हणजे आपलं छप्पन्नच. 'वाइल' म्हणजे 'कारण' आलं की क्रियापद शेवटी जातं, आपल्यासारखंच. तीन लिंगं आपल्याकडे आहेतच, फक्त जुळत नाहीत, त्यांचा चमचा 'तो', काटा 'ती' आणि सुरी 'ते', म्हणून शब्द पाठ करताना डेअर-दी-दास (त्यांचे तो-ती-ते दाखवणारे शब्द) लावूनच कर. आणि गुजराती आपण खंडेराव मार्केटात भाजी घेता घेताच शिकलो ना, तसंच इथे पण चुकत चुकत बोलायचं.

सयाजी युनिव्हर्सिटीत जर्मनचा विभाग आहे, तिथे सर्टिफिकेट कोर्सची चौकशी आजच कर. लेकीशी घरी मराठीच बोल, जर्मन तिला बालवाडी शिकवेल. माझी ए१ ची पुस्तकं आईकडे दांडिया बाजारात पडलीयेत, तिला सांगून ठेवते, जाऊन घेऊन ये.