दुसऱ्या भाषेत आपल्या छंदाविषयी लिहिताना

प्रश्न: मी व्यवसायाने हिशेबनीस आहे. जुने रेडिओ दुरुस्त करणे आणि लहानशा संगणकावर निरनिराळ्या प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) चालवून पाहणे, हे माझे दोन छंद. केलेल्या प्रत्येक दुरुस्तीची नोंद मी वहीत ठेवतो. या नोंदी आता कोणालाही वाचता येतील अशा रीतीने इंग्रजीतून नियमित प्रसिद्ध कराव्यात असे वाटते. परंतु माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले असून इंग्रजी वाचता चांगले येत असले, तरी लिहिताना हात अडखळतो. आधी मराठीत लिहून यंत्राकडून भाषांतर करून घ्यावे, की थेट इंग्रजीत लिहावे? रेडिओ आणि संगणक एकत्र ठेवले तर वाचक गोंधळेल का?
— एक वाचक

उत्तर: थेट इंग्रजीतच लिहा. यंत्राचे भाषांतर वाईट असते म्हणून मी हे सांगत नाही. ते बहुधा गुळगुळीत असते, आणि अडचण नेमकी तीच आहे. ‘सेटचा आवाज फाटतो’ या वाक्यातले फाटणे कापडाच्या फाटण्यासारखे उतरले, तरी वाक्य व्याकरणाने शुद्धच दिसेल आणि चूक तुमच्या नजरेतून निसटेल. स्वतः लिहिलेल्या ओबडधोबड वाक्यात निदान काय म्हणायचे होते ते तुम्हाला ठाऊक असते. यंत्राची मदत घ्यायचीच असेल तर ती लिहून झाल्यावर घ्या, आणि त्याने सुचवलेला प्रत्येक बदल मूळ वाक्याशेजारी ठेवून तपासा. आकडे तर दोनदा तपासा.

अडखळणाऱ्या हाताबद्दल एक जुनी गोष्ट आठवते. १९९१ च्या ऑगस्टमध्ये फिनलंडमधील २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने, आपण छंद म्हणून एक संगणक प्रणाली लिहीत आहोत, असा छोटासा संदेश इतर अभ्यासकांसाठी इंग्रजीत लिहिला. त्याची मातृभाषा स्वीडिश होती. त्या संदेशात भाषेचे सौंदर्य शोधू नये. मात्र बॅश या टंकलेल्या आज्ञा पाळणाऱ्या प्रोग्रामची १.०८ आणि जीसीसी या, लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या, साधनाची १.४० ही आवृत्ती आपल्या प्रणालीवर चालू लागली आहे, आणि कोणत्या प्रकारच्या हार्ड डिस्कपलीकडे ती बहुधा जाणार नाही, हे त्यात स्पष्ट सांगितले होते. हीच प्रणाली पुढे लिनक्स म्हणून ओळखली गेली. तंत्राविषयी वाचणाऱ्याला तुमच्याकडून हवी असते ती याच जातीची माहिती.

म्हणून सगळ्या चुका सारख्या मानू नका. एखादे क्रियापद चुकले तर वाचक ते मनात दुरुस्त करून पुढे जातो. पण कोणता भाग बदलला हेच कळले नाही, तर तो तिथेच थांबतो. मराठीतून इंग्रजीत जाताना असा घोटाळा दोन ठिकाणी हमखास होतो. पहिले ठिकाण सर्वनामाचे. ‘दिव्याला तार जोडली आणि ती तापली’ असे आपण लिहितो, तेव्हा तापली ती तार, हे लिंगामुळेच समजते. इंग्रजीत तार आणि दिवा दोघांनाही ‘इट’, त्यामुळे काय तापले ते वाचकाने ओळखायचे. अशा जागी नाम पुन्हा लिहावे. आपल्या कानाला ती पुनरुक्ती खटकते, तांत्रिक लेखनात ती खटकत नाही.

दुसरे ठिकाण ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांचे, जी मराठीत नाहीतच. सेटमध्ये एकसारखे चार कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) असतील आणि त्यांतला एक बदलल्यावर स्पीकरमधली घरघर थांबली असेल, तर ‘अ’ लिहिल्याने चारांपैकी कोणता तरी एक, आणि ‘द’ लिहिल्याने आधी उल्लेख झालेला तोच, असा अर्थ होतो. उपपदांचे नियम पाठ करण्यात महिने घालवण्यापेक्षा आकृतीतला क्रमांक लिहा: सी-४ बदलला. मग उपपद चुकले तरी बिघडत नाही.

वाक्यांच्या लांबीबद्दलही थोडे सांगतो. ‘बॅटरी काढून, झाकण उघडून, तार सोडवून’ अशी माळ मराठीत सहज ओवली जाते, इंग्रजीत ती गुंतते. विमानांच्या देखभालीच्या पुस्तिका इंग्रजी मातृभाषा नसलेल्या तंत्रज्ञांनाही नीट कळाव्यात म्हणून ‘सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश’ नावाची एक नियमबद्ध इंग्रजी तयार झाली आहे. तिच्यात सूचनेचे वाक्य २० शब्दांपलीकडे जाऊ देत नाहीत. तुम्ही शब्द मोजत बसू नका, पण एका वाक्यात एकच कृती हा तिचा दंडक उचलण्यासारखा आहे.

आकड्यांच्या बाबतीत हिशेबनिसाला मी काय शिकवणार! तरी, ०३/०४ ही तारीख कोठे ३ एप्रिल तर कोठे ४ मार्च वाचली जाते, म्हणून महिना अक्षरांत लिहा किंवा वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहा. काही देशांत दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात, हेही ध्यानात असू द्या. ४.७ किलोओहम हे रोधाचे माप दशांशचिन्हाच्या जागी ‘के’ घालून ४के७ असे लिहिण्याची रेडिओवाल्यांना परिचित असलेली पद्धत येथे फार उपयोगी पडते, ४.७ मधले टिंब पुसट झाले की त्याचे ४७ होते, ‘के’ अक्षर तसे हरवत नाही.

दोन विषय खुशाल एकत्र ठेवा. मथळ्यात रेडिओ की संगणक ते आले की पुरे. सुरुवात मात्र ‘माझी ओळख’ किंवा ‘रेडिओचा इतिहास’ अशा लेखाने करू नका. वहीतली अशी एक दुरुस्ती निवडा, जिच्यात तुम्ही बराच काळ चुकीच्या जागी बिघाड शोधत होता, आणि चुकीच्या शोधासकट ती लिहून काढा. तोच बिघाड समोर घेऊन बसलेला दुसरा कोणी बहुधा त्याच चुकीच्या जागी शोधत असेल.