जुनी जिप्सी फोर बाय फोरमध्ये वळताना अडखळते. घरी काय करता येईल? आणि गाडी उंच करणारं लिफ्ट किट टाकावं का?

कोरड्या डांबरावर अडखळत असेल तर तो बिघाड नाही. जिप्सीत मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच, नसतो. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, दोन्ही ॲक्सल मात्र एकाच वेगाने बांधलेले, त्यामुळे ताण येतो. फोर बाय फोर चिखलात आणि मुरमावरच वापरा. चारही टायर एकाच मापाचे, सारखे झिजलेले हवेत.

घरी नक्की करण्यासारखं काम म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलमधले दोन्ही डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद दोन्ही ॲक्सलना वाटणारी पेटी) यांचं ऑइल बदलणं. आधी वरचा, भरायचा बोल्ट सैल होतोय का बघा, मगच खालचा उघडा. वरचा गंजून अडकला तर ऑइल काढलेली गाडी दारातच अडकेल. ऑइल दुधाळ निघालं तर पाणी शिरलंय. ताम्हिणीच्या पावसाळ्यानंतर हे हमखास तपासा. सील पुण्यात नाना पेठेत मिळतील, जुना नमुना सोबत न्या. नुसत्या जॅकवर गाडीखाली कधीच शिरू नका, स्टँड लावाच.

लिफ्ट किट मी टाकणार नाही. प्रोपेलर शाफ्टचा (ॲक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडतो, ब्रेकचे होज ताणले जातात. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. त्या पैशात पाट्यांच्या स्प्रिंगचे झिजलेले रबरी बुश बदला, चाल लगेच सुधारेल.