‘साक्ष देणे’, ‘रक्तसाक्षी’ आणि ‘हुतात्मा’: निपाणीच्या एका प्रश्नाला उत्तर

निपाणीच्या एका शिक्षिकाताईंनी विचारलं आहे. नाताळच्या आठवड्यात त्या शाळेतल्या सहकारी बाईंच्या घरी प्रार्थनेला गेल्या होत्या. दोन गीतं झाली आणि पाळक म्हणाले, “आता साक्षीची वेळ.” ताई लिहितात, साक्ष कोर्टात देतात, ती प्रार्थनेत कशी आली? साक्ष देणं म्हणजेच धर्मप्रचार का? त्यांच्या गल्लीत लोक तसंच म्हणतात. शिवाय त्यांना एका कन्नड पत्रकाचं मराठी करून द्यायचं आहे. छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती लोकांसाठी करायच्या प्रार्थनेचं ते पत्रक, आणि त्यात ‘हुतात्मरु’ असा शब्द आला आहे. मराठीत हुतात्मा लिहावं, शहीद लिहावं, की कुठेतरी वाचलेला रक्तसाक्षी?

ताई, आधी मूळ शब्द पाहू. ‘साक्षी’ची फोड पाणिनीनेच करून ठेवली आहे: साक्षात् पाहणारा तो साक्षी. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, एवढीच त्याची लायकी. शिक्षण, वय, हुद्दा यांचा संबंध नाही. वेदान्ताने हाच शब्द घेतला आणि त्याला अलिप्तपणा दिला. तिथला साक्षी नुसता पाहतो, कशात पडत नाही. आपण ‘साक्षीभाव’ म्हणतो तो याच वळणाचा. कोर्टाने नेमकं उलट वळण घेतलं. कोर्टातल्या साक्षीदाराला गप्प बसता येत नाही. पाहिलंस ना, मग पिंजऱ्यात उभा राहा आणि सांग. आणि सांगायचं तेही स्वतः पाहिलेलंच; दुसऱ्याने सांगितलेली गोष्ट पुरावा म्हणून चालत नाही. १ जुलै २०२४ पासून पुराव्याच्या कायद्याचं नावही ‘भारतीय साक्ष्य अधिनियम’ झालं आहे, पण तोंडी पुरावा प्रत्यक्ष असावा हा नियम जुनाच आहे.

ख्रिस्ती मराठीतली साक्ष या कोर्टाच्या बाजूची आहे, वेदान्ताच्या नाही. नव्या करारात मूळ ग्रीक शब्द ‘मार्तुस’, आणि तोही कचेरीतलाच, साक्षीदार या अर्थाचा. ‘तुम्ही माझे साक्षी व्हाल’ असं येशू शिष्यांना सांगतो ते नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात. पुढे पेत्र आणि योहान यांना यहुदी सभेसमोर उभं करून तोंड बंद ठेवण्याची ताकीद मिळते, तेव्हा त्यांचं उत्तर साक्षीदाराचंच आहे: जे पाहिलं आणि ऐकलं ते न बोलणं आम्हाला शक्य नाही. ‘आमचं मत असं आहे’ अशी भाषा तिथे नाही.

घरच्या प्रार्थनेत तुम्ही जे ऐकलंत त्याचा साचा आठवून पाहा. एखादी बाई पदर सावरत उठते, “सर्वांना प्रभूच्या नावाने नमस्कार” म्हणते आणि सांगते की मुलगा दवाखान्यात होता, पैसे नव्हते, रात्रभर गुडघ्यावर होते, सकाळी अमुक झालं. किंवा नवरा दारू सोडत नव्हता, मग काय झालं. किंवा काहीच झालं नाही, मूल गेलं, तरी मी उभी आहे. ही शेवटच्या प्रकारची साक्ष मी बेळगावात ऐकली आहे आणि माझ्या लेखी ती सर्वांत वजनदार. सगळं बोलणं प्रथमपुरुषी, ‘मी’, ‘माझ्या घरी’. ‘तुम्ही असं करा’ हे वाक्य त्यात येत नाही. आलं की ते प्रवचन झालं, आणि ते पाळकांचं काम. ही ‘साक्षीची वेळ’ मुख्यतः प्रॉटेस्टंट मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या समुदायांत, असते. बेळगावच्या कँपातल्या किंवा खानापूरकडच्या कोकणी बोलणाऱ्या कॅथलिक घरांत हा शब्द तुम्हाला कमी ऐकू येईल, कारण मिस्सात, म्हणजे कॅथलिक उपासनेत, अशी वेगळी वेळ नसते.

आता प्रचाराचं. मराठीत ‘प्रचार’ म्हटलं की आधी निवडणूक आठवते: रिक्षावरचा भोंगा, पत्रकं, मतं. त्या शब्दातच समोरच्याकडून काहीतरी मिळवायचं असतं. साक्ष देणाऱ्याला सांगून मोकळं व्हायचं असतं. ऐकणाऱ्याने विश्वास ठेवावा असं त्याला वाटतं, हे मी नाकारत नाही. कोर्टातल्या साक्षीदारालाही तसंच वाटतं. पण निकाल त्याच्या हातात नसतो. राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदात धर्म मुक्तपणे प्रकट करणं, आचरणं आणि त्याचा प्रसार करणं अशा तीन गोष्टी वेगवेगळ्या मांडल्या आहेत. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून हा हक्क सर्वांना आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून देणं. दुसऱ्याचं धर्मांतर करणं हा मूलभूत हक्क नव्हे. साक्ष ही या तिन्हींत पहिल्या गोष्टीच्या जवळ बसते, प्रकट करण्याच्या. तेव्हा गल्लीतले लोक म्हणतात ते भाषेच्या अंगाने बरोबर नाही. आणि ही चूक कुणाच्या दारापर्यंत जाऊन पोचू शकते, म्हणून मी तिच्यावर इतकं बोलतो आहे.

आपल्याकडे ती पोचलीही आहे. डिसेंबर २०२१ मध्ये बेळगावात एक माणूस तलवार घेऊन चर्चच्या आवारात धर्मगुरूंच्या अंगावर धावून गेला होता. त्याच महिन्यात, २३ तारखेला, बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात भरलेल्या कर्नाटकाच्या अधिवेशनात धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेत मंजूर झालं. २०२२ मध्ये त्याचा कायदा झाला आणि जून २०२३ मध्ये नव्या मंत्रिमंडळाने तो मागे घेण्याचा निर्णय केला. त्या दिवसांत घरात बसून गीत म्हणणाऱ्यांनाही ‘तुम्ही काय करता हो आत?’ हा प्रश्न वेगळ्या सुरात विचारला जाऊ लागला. नव्या करारातल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात अशा प्रश्नासाठी सूचना आहे: तुमच्या आशेबद्दल कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण ते सौम्यपणे द्या. तिथला ‘उत्तर’ हा शब्दही मुळात कचेरीत आरोपीने द्यायच्या जबाबाचा आहे. म्हणजे विचारणारा प्रेमाने विचारेल असं त्या पत्राने गृहीत धरलेलंच नाही. आवाज न चढवता बोलण्याची अट मात्र आरोपीवर घातली आहे. मला ती अट अवघड वाटते आणि खरीही वाटते.

साक्षीचा एक अर्थ ताईंच्या कानावर अजून आला नसेल. मंडळीत एखाद्याबद्दल ‘त्याची साक्ष चांगली आहे’ असं म्हणतात. तो चांगला बोलतो असा त्याचा अर्थ नाही. त्याची वागणूक चांगली आहे, चारचौघांत त्याचं नाव चांगलं आहे, असा आहे. ‘उधारी बुडवलीस तर तुझी साक्ष काय राहील?’ असंही ऐकाल. हे नव्या करारातल्या तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातून आलं आहे. मंडळीच्या अध्यक्षाबद्दल ‘बाहेरच्या’ लोकांनीही चांगली साक्ष दिलेली असावी, अशी अट तिथे आहे. दिशा उलटी झाली, लक्षात घ्या. इथे विश्वासी, म्हणजे ख्रिस्ती भाविक, देवाबद्दल साक्ष देत नाही. शेजारी विश्वासीबद्दल साक्ष देतो, तोही मंडळीबाहेरचा शेजारी.

तालुक्यातल्या एका खेड्यात माझ्या ओळखीच्या घरी रविवारची प्रार्थना चालली असताना काही पोरं आत शिरली. बायबलं उचलून अंगणात टाकली आणि मग सगळ्यांनाच ठाण्यात नेलं गेलं. तिथला कारभार कन्नडमधून. घरच्या बाईंना कन्नड तोडकंमोडकं येतं. त्या म्हणत होत्या, “मी साक्ष देते साहेब,” आणि पोलीस कागदावर लिहीत होता ‘हेळिके’, म्हणजे जबाब. कन्नडमध्ये साक्षीदाराला ‘साक्षी’च म्हणतात, तेव्हा शब्द दोघांच्याही ओळखीचा होता, पण बाईंच्या तोंडच्या साक्षीचा अर्थ त्या कागदावर मावणारा नव्हता. त्या कालच्या प्रसंगाबद्दल बोलत होत्या आणि त्याबरोबर गेल्या कितीतरी वर्षांबद्दलही. मग शेजारच्या काकू आल्या. कपाळभर कुंकू, हातात तुळशीची माळ, दर आषाढीला पंढरपूरला जाणाऱ्या. त्या आपल्या बेळगावी मराठीत म्हणाल्या, “आमच्या भिंतीला भिंत हाय. गाणी म्हणत्यात हे खरंच, खरं कुणाला ओढून नेलेलं मी बघितलं न्हाई.” (बाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडे ‘खरं’चा अर्थ ‘पण’ असाही होतो.) काकूंचं वाक्य कायद्याच्या कसोटीला पुरेपूर उतरतं. जे पाहिलं ते सांगितलं, जे पाहिलं नाही ते पाहिलं नाही म्हणून सांगितलं. तीमथ्याच्या पत्रात ज्या साक्षीची अट आहे ती हीच, आणि ती वारकरी बाईच्या तोंडून आली याचा मला अतिशय आनंद आहे.

आता पत्रकातला शब्द.

‘हुतात्मा’ म्हणजे ज्याने स्वतःची आहुती दिली तो. हुत म्हणजे अग्नीत अर्पण केलेलं. हा शब्द यज्ञातला आहे, साक्षीशी त्याचं नातं नाही. सावरकरांनी रुळवलेल्या शब्दांत त्याची गणना होते. ‘शहीद’ मात्र साक्षीचा सख्खा भाऊ आहे. अरबीत ‘शहादत’ म्हणजे साक्ष आणि शहीद म्हणजे साक्ष देणारा. प्राण देऊन साक्ष देणारा हा अर्थ त्याला पुढे चिकटला. ग्रीक ‘मार्तुस’चंही नेमकं तसंच झालं.

हा बदल कुठे घडला ते बोट ठेवून दाखवता येतं. प्रेषितांच्या कृत्यांत स्तेफनाची गोष्ट वाचा. सहाव्या अध्यायात त्याच्याविरुद्ध खोटे साक्षीदार उभे केले जातात. सातव्यात त्याला शहराबाहेर नेऊन दगडमार करतात, तेव्हा साक्षीदार आपली वस्त्रं काढून शौल नावाच्या तरुणाच्या पायाशी ठेवतात. पहिला दगड साक्षीदारांनीच टाकायचा हा मोशेच्या नियमशास्त्रातला दंडक, म्हणून ही वस्त्रं काढण्याची तयारी. इथपर्यंत साक्षीदार म्हणजे मारणारे. मग बाविसाव्या अध्यायात तोच शौल, आता पौल झालेला, देवाला म्हणतो की तुझा साक्षी स्तेफन याचं रक्त सांडलं तेव्हा मी जवळ उभा होतो. शब्द तोच, ‘मार्तुस’. पण तो दगड टाकणाऱ्यांकडून दगड खाणाऱ्याकडे गेला. आणि त्याच वाक्यात शेजारी ‘रक्त’ आहे. रक्तसाक्षी या जोडशब्दाचं बी मला त्या वाक्यात दिसतं. स्तेफन मरताना मारणाऱ्यांसाठी क्षमा मागतो, हेही विसरू नये. त्याने त्यांच्याविरुद्ध साक्ष दिली नाही.

म्हणून मारणारा कुणी रक्तसाक्षी होत नाही, आणि मरण ओढवून घेणाराही नाही. वसईचे गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत आणखी पंचवीस जणांसह क्रुसावर मारलं गेलं. १८६२ मध्ये ते संत म्हणून घोषित झाले. ते रक्तसाक्षी. ओडिशात जानेवारी १९९९ मध्ये दोन लहान मुलांसह गाडीत जाळले गेलेले ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स, तेही. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीरपणे सांगितलं आणि कुष्ठरोग्यांमधलं काम पुढे चालू ठेवलं. त्यांना रक्तसाक्षी म्हणता येणार नाही. त्या साक्षी आहेत, आणि तो शब्द तिथे किंचितही कमी पडत नाही.

आपल्याच मातीतले बाबा पदमनजी हे या दुसऱ्या रांगेतले. जन्म १८३१, बेळगावचा. मिशनच्या शाळेत शिकले. १८५४ मध्ये बाप्तिस्मा, तोही बेळगावातच, घरच्यांचा कडवा विरोध असताना. घरदार दुरावलं, भाषा मात्र त्यांनी सोडली नाही. १८६० मध्ये त्यांनी ‘शब्दरत्नावली’ हा मराठी कोश काढला. ज्याला जातीने बाहेर टाकलं त्याने त्याच लोकांचे शब्द गोळा करून, लावून त्यांच्या हाती दिले. शब्दांवर लिहिताना मला हा माणूस नेहमी आठवतो. छळ सोसूनही शेजाऱ्याची भाषा आपलीच मानणं, हीही साक्षच आहे असं मी म्हणेन.

तर ताई, पत्रकात ‘हुतात्मरु’चं ‘हुतात्मे’ करू नका. शब्द चुकीचा नाही, पण आपल्या भागात त्याचा धनी ठरलेला आहे. १७ जानेवारी १९५६ च्या गोळीबारात गेलेले आणि जून १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गेलेले, ज्यांच्यासाठी आपण हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकाला जातो, ते आमचे हुतात्मे. पत्रक मूळ कन्नड, विषय ख्रिस्ती, आणि त्यात मराठी माणसाला ‘हुतात्मे’ दिसले तर वाचणाऱ्याचं मन आधी सीमाप्रश्नाकडे जाईल. ज्यांनी विश्वासासाठी प्राण गमावले त्यांना ‘रक्तसाक्षी’ लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘विश्वासासाठी रक्त सांडलेले साक्षी’ असं उलगडून द्या. जे मारहाण, बहिष्कार, ठाण्याच्या खेपा सोसून जिवंत आहेत त्यांना ‘छळ सोसणारे’ म्हणा. मराठी बायबलात ‘छळ’ हाच शब्द आहे. एकवचन-अनेकवचन दोन्ही ‘साक्षी’च राहतं, ‘रक्तसाक्षीदार’ करण्याची गरज नाही. आणि छापण्याआधी मसुदा तुमच्या सहकारी बाईंना एकदा मोठ्याने वाचून दाखवा. कुठला शब्द त्यांच्या मंडळीत बोलतात आणि कुठला नुसता छापतात, ते त्या ऐकताक्षणी सांगतील.