जुन्या रिव्हॉल्वरमध्ये दोष निघाला, दाद कुणाकडे मागायची?

प्रश्न : गोव्यात सत्तरी तालुक्यात आमची काजूची बागायत आहे. म्हापशाच्या एका निवृत्त गृहस्थांकडून मी .३२ बोअरचे वापरलेले रिव्हॉल्वर घेतले. परवान्यावर नोंद झाली आहे. रेंजवर नेले, तर दोन गोळ्या सुटल्याच नाहीत. ओळखीचा लेथवाला स्प्रिंग बदलून देतो म्हणतो. दोष कंपनीचा असेल तर भरपाई मिळेल का?

उत्तर : लेथवाल्याला आजच नाही म्हणून सांगा. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्तीसुद्धा परवान्याशिवाय करता येत नाही, आणि २०१९ पासून त्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे. त्याच्याबरोबर तुम्हीही गोत्यात याल. शिवाय स्प्रिंग बदलली की मूळ दोष दाखवायला काही उरणार नाही.

तुमचा खरा पुरावा त्या न सुटलेल्या दोन काडतुसांत आहे. त्यांच्या बुडाला, प्रायमरवर (पिनेचा ठोका बसला की पेट घेणारी छोटी टोपी), पिनेची खूण बघा. ती उथळ असेल तर संशय शस्त्रावर जातो. चांगली खोल असेल तर काडतूसच खराब असण्याची शक्यता जास्त. ती अजून जिवंत आहेत, पुन्हा झाडून बघू नका. पाकिटासकट कुलपात ठेवा आणि दुरुस्तीचा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याला दाखवा. शस्त्राचा अनुक्रमांक घालून त्याच्याकडून लेखी अहवाल घ्या. चाप हलका व्हावा म्हणून आधीच्या मालकाने स्प्रिंग कापलेली असते, असेही होते. तसे निघाले तर तो उत्पादनदोष नव्हे.

आता कंपनी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधल्या उत्पादन दायित्वाखाली, म्हणजे सदोष वस्तूने केलेल्या हानीच्या जबाबदारीखाली, इजा झाली किंवा दुसऱ्या मालमत्तेचे नुकसान झाले तर भरपाई मागता येते. नुसती वस्तूच सदोष निघाली, तर हा मार्ग चालत नाही. तुम्हाला इजा झालेली नाही, हे फार बरे झाले. तरीही अनुक्रमांक देऊन कंपनीला तपासणीसाठी पत्र लिहा. शस्त्र मात्र पार्सलने पाठवू नका, आणि गोव्याबाहेर नेण्याआधी परवाना कुठल्या भागापुरता आहे ते वाचा.

विकणारे गृहस्थ व्यापारी नाहीत, म्हणून त्यांच्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाऊन उपयोग नाही. खासगी विक्रीत वस्तूच्या दर्जाची हमी कायदा आपणहून धरत नाही. दोष ठाऊक असून त्यांनी तो मुद्दाम झाकला असेल, तर करार कायद्याच्या कलम १७ आणि १९ खाली व्यवहार रद्द करून दिवाणी न्यायालयात पैसे परत मागता येतात. म्हणून व्हॉट्सॲपवरचे बोलणे पुसू नका. व्यवहार दुकानातून झाला असता तर आयोगाचे दार उघडे होते, दोन वर्षांच्या आत.

त्यांना नोटीस धाडण्याआधी एक कागद शोधा. खासगी विक्रीपूर्वी विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबायचे असते. त्या पत्राची पोच तुमच्या फाईलमध्ये नसेल, तर आधी फाईल घेऊन वकिलाकडे जा. तोवर रिव्हॉल्वर रिकामे करून कुलपात ठेवा.