टीव्हीपर्यंत नेट न्यायचंय? आधी वायर टाका

भाऊ, वरच्या मजल्यावरच्या टीव्हीपर्यंत नेट न्यायला रिपीटर (वाय-फायचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा) घेऊ नका. साधा रिपीटर एकाच बँडवर (लहरींच्या एकाच पट्ट्यावर) सिग्नल घेतो आणि देतो, त्यामुळे वेग जवळपास निम्म्यावर येतो. त्यात सोलापूरच्या जुन्या पेठांतल्या जाड दगडी भिंती. वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झ बँड तिथे टिकत नाही.

कॅट ६ (नेटवर्कची) वायर टाका, १०० मीटरपर्यंत चालते. शुद्ध तांब्याचीच मागा. गच्चीवरून नेणार असाल तर आउटडोअरचीच घ्या, आपल्या उन्हात साधं आवरण तडकतं.

वरच्या मजल्यावर त्या वायरीला जोडायला जुना राउटर चालेल. त्याचा आयपी (नेटवर्कमधला पत्ता) बदला (मुख्य १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२), डीएचसीपी (उपकरणांना आपोआप आयपी वाटणारी सोय) बंद करा आणि वायर वॅन (बाहेरून नेट येणाऱ्या) पोर्टमध्ये नव्हे, लॅन (घरातली उपकरणं जोडायच्या) पोर्टमध्ये लावा. इथेच बहुतेकांचं अडतं. टीव्हीचा लॅन पोर्ट बऱ्याचदा १०० एमबीपीएसचाच असतो; काळजी नको, फोर-के व्हिडिओला २५ एमबीपीएस पुरतात.