पेडल नवीन, कोड जुनाच

प्रश्न : सर, आमचा व्हील लोडर क्रशरवर असतोय. आठ-दहा दिवस झाले रेसच घेत नाही, नुसता आयडलवर घुरघुरतोय आणि डिस्प्लेवर एसपीएन ९१ एफएमआय ३ असं येतंय. मिस्त्री म्हणाला सेन्सर गेलाय, म्हणून अख्खं पेडल नवीन घातलं, तरी कोड तोच. आता म्हणतोय ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बदलूया. काय करू?
– एक वाचक, निपाणी

ईसीयूला आत्ता हात लावू नका, आधी साधा मल्टीमीटर काढा. कोडात दोन आकडे असतात आणि आपल्याकडं सगळे पहिलाच वाचतात. एसपीएन ९१ म्हणजे ॲक्सिलरेटर पेडलच्या पोझिशनचं सर्किट, एवढंच. तिथं नेमकं काय बिघडलंय ते एफएमआय सांगतो : ३ म्हणजे व्होल्टेज पाहिजे त्याच्या वर गेलंय, ४ असता तर खाली गेलंय, २ असता तर सिग्नल उड्या मारतोय. यात ‘सेन्सर खराब’ असं कुठंच लिहिलेलं नाही, ते मिस्त्रीनं आपल्या मनानं जोडलं.

आता पेडलमध्ये काय चालतं बघा. ईसीयूकडून एक ५ व्होल्टची वायर येते, एक ग्राउंडची, आणि तिसरीवरून पेडल किती दाबलं त्या हिशेबानं व्होल्टेज परत जातं. हे साधारण अर्ध्या ते साडेचार व्होल्टच्या मधेच फिरावं असं मुद्दाम ठेवलेलं असतं, म्हणजे पार ० किंवा पार ५ दिसलं की ईसीयूला कळतं की हे पायाचं काम नाही, वायर तरी तुटलीय नाहीतर कुठंतरी चिकटलीय. बऱ्याच पेडलांत असे दोन ट्रॅक असतात, दुसऱ्याचं व्होल्टेज पहिल्याच्या निम्मं, आणि दोघांचा मेळ बसला नाही की रेस बंद. राग येतो खरा, पण भरलेली बकेट वर असताना लोडर आपोआप सुटला तर पुढं कोण उभं असेल सांगता येत नाही, त्यामुळं ते आयडलवर अडकवणं बरोबरच आहे.

तुमच्या केसमध्ये माझा पहिला संशय ग्राउंडवर. ग्राउंड तुटलं की सिग्नलला खाली ओढणारं कोणी राहत नाही, तो सरळ ५ कडं जातो आणि एफएमआय ३ येतो, मग पेडल नवीन घाला की आणखी काही घाला. चेक असं करा : पेडलचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, काढा, चावी ऑन, इंजिन बंद. मीटरची लाल पिन ५ व्होल्टच्या पिनेवर आणि काळी चेसिसला लावा, ५ दिसतील. मग काळी उचलून कपलरमधल्या ग्राउंडच्या पिनेवर ठेवा. आता ५ दिसले नाहीत तर चोर सापडला. वायर बाहेरून ठणठणीत दिसेल, पण पिनेला क्रिंप केलेल्या, म्हणजे दाबून बसवलेल्या जागी आतली तार तुटलेली असते, वायर हलकी ओढली की रबरासारखी लांबते. धूळ आणि दिवसभराचं व्हायब्रेशन, क्रशरवर हे नेहमीचंच.

इथं मात्र दोन्ही जागी ५ आले तर कपलर परत लावून मागच्या बाजूनं सिग्नलच्या पिनेला मीटर टेकवा आणि पेडल अगदी सावकाश दाबा, व्होल्टेज न अडखळता चढलं पाहिजे. पेडल न दाबताच ५ च्या आसपास किंवा त्याच्याही वर चिकटलं असेल तर सिग्नलची वायर हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) कुठं ५ किंवा २४ व्होल्टच्या वायरीला घासतीय का बघा. आणि कृपा करून वायरीत टाचणी खुपसून चेक करू नका हो, पावसाळ्यात त्याच भोकातून पाणी शिरतं आणि तांबं हिरवं पडतं. खानापूरकडं मशीन चालवणाऱ्यांना हे सांगायला नको.

प्रश्न : हायड्रॉलिक सिलिंडरच्या आतच सेन्सर असतो म्हणे, तेलात तो मोजतो कसा?
– उद्यमबाग, बेळगाव

पिस्टनमध्ये चुंबकाची रिंग असते आणि सिलिंडरच्या मधोमध एक बारीक नळी, पिस्टन तिच्याभोवतीनं पुढंमागं होतो. नळीतल्या तारेतून विजेचा एक झटका सोडतात, रिंगपाशी त्या तारेला किंचित पीळ बसतो आणि त्या पिळाची लहर तारेतून टोकाकडं परत येते. किती वेळात आली त्यावरून पिस्टन कुठं आहे ते कळतं. चुंबक आणि नळी एकमेकांना शिवतच नाहीत, त्यामुळं घासून झिजायला काही नाही, आणि लाइट जाऊन परत आली तरी सिलिंडर शेवटपर्यंत नेऊन झीरो करावा लागत नाही. आपल्याकडं दुरुस्तीला आलेला असा सिलिंडर खोलताना मात्र आधी मागचं टोक बघा, सेन्सरचं हेड तिथं असतं. नळी वाकली की संपलं.

प्रश्न : बॅटरीची वायर काढून लावली की कोड जातो. चालेल का?
– अथणी

कोड गेला, फॉल्ट कुठं गेला? आणि बऱ्याच मशिनींत ॲक्टिव्ह कोड गेला तरी जुन्या यादीत तो राहतोच. पुसायच्या आधी मोबाइलवर त्याचा फोटो काढा, किती तासाला आला आणि किती वेळा आला तेही दिसत असेल तर घ्या. बॅटरीची वायर काढायची ती वेल्डिंगच्या वेळी, तेव्हा मात्र लोक काढत नाहीत! बकेटला वेल्डिंग मारायच्या आधी निगेटिव्ह काढा, ईसीयूचे कपलर सोडवा आणि अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डिंगच्या अगदी जवळ लावा, पिन-बुशचा सांधा मधे येईल असा लांब नको.